पेवातली वीज

घरात कुणी काही राखून ठेवलं की माझं डोकं फिरतं. सुनेनं नवी चादर पाहुण्यांसाठी म्हणून पेटीत घातली, नातीनं बर्फीचा शेवटचा तुकडा उद्यासाठी वाटीखाली झाकला, की माझा तोंडाचा पट्टा सुरू होतो. "वापरा, मेल्यांनो, वापरून टाका! उद्याचं उद्या पाहू." घरातले हसतात. म्हातारी चळली म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्या बाबांना पंचायतीच्या ओसरीवर मुक्या रेडिओसमोर बसलेलं त्यांनी पाहिलेलं नाही. मी पाहिलं आहे.

आमचं गाव बार्शीटाकळीच्या पुढे, आडवाटेला. काळी जमीन, कापूस, जवारी, आणि गावाबाहेर एका शेठचा कापसाचा जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना. शेठ अकोल्याला राहायचे, जीन चालवायचा त्यांचा मिस्त्री. हा मिस्त्री बऱ्हाणपूरकडचा. इंजिनाशेजारी उभं राहून बोलायची सवय, त्यामुळे देवळातसुद्धा ओरडूनच बोलायचा. सरकारी विजेचे खांब आमच्याकडे यायला अजून काही वर्षं होती. अकोल्यात जठारपेठेत मावशीकडे गेलो की दिव्याचं बटन कुणी दाबायचं यावरून आम्हा बहिणींची झिंज्या ओढण्यापर्यंत मजल जायची. पण ऐका, वीज आमच्या गावातही होती! मावशीला सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही.

ती यायची जिनातून. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की होळीपर्यंत जिनाचं इंजिन धडधडत असायचं. त्याच्या पट्ट्यावर एक डायनामो फिरायचा, आणि त्या डायनामोची वीज शेजारच्या एका खोलीत साठायची. त्या खोलीत फळ्यांवर ओळीनं काचेच्या चौकोनी बरण्या मांडलेल्या, लोणच्याच्या बरणीहून मोठ्या. आत शिशाच्या पाट्या आणि तेजाबाचं पाणी. तिला सगळे बॅटरीची खोली म्हणायचे. इंजिन चालू असलं की बरण्या भरायच्या, बंद झालं की बरण्यांतली वीज तारेवरून गावात यायची. एक दिवा पंचायतीत, एक दवाखान्यात, एक शाळेत, एक मारुतीच्या पारावर, आणि पंचायतीतला रेडिओ. एवढाच आमचा विजेचा संसार. शेठनं तो गावाला दिला, कारण जिनाकडे जाणारा रस्ता बाबांच्या वावरातून होता आणि बाबा गावचे सरपंच होते.

उन्हाळ्या-पावसाळ्यात जीन बंद असला तरी बाजाराच्या दिवशी मिस्त्री इंजिन थोडा वेळ चालवायचा आणि बरण्या पुन्हा भरून ठेवायचा. असं का करतो, हे त्याला कुणी विचारलं नाही. रेडिओ वाजतोय ना, मग झालं!

आता ताईचं सांगते, कारण ही सगळी गोष्ट तिच्या गळ्याची आहे.

ताई माझ्याहून मोठी. गळा तिला बाबांचा मिळाला. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर मोट होती. बाबा बैल हाकता हाकता गायचे, आणि ताई मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या दगडावर पाय सोडून बसायची. मोटेवर बाबांनी स्वतः रचलेलं एक गाणं होतं. ते कुणाचं नव्हतं, कुठून आलेलं नव्हतं, बाबांचं होतं.

"बैल जाय समोर, पानी येय वर,
बैल येय मांगं, पानी जाय घर."

असं ते सुरू व्हायचं आणि मग पाण्यासारखं कुठून कुठं जायचं. माळव्याच्या वाफ्यात, केळीच्या बुडाशी, मायच्या पाण्याच्या गुंडात, सासरी गेलेल्या लेकीच्या उंबऱ्यावर. सगळं गाणं त्या दोघांनाच यायचं. माझा गळा म्हणजे फुटका टमरेल. मला जवळ बसू द्यायचे, पण "तू नोको म्हनू वं माय, बैल बुजतात," असं बाबा हसून म्हणायचे. लेकींनाही ते लाडानं मायच म्हणायचे.

पुढे मामांनी ताईला शिकायला अमरावतीला नेलं. तिथं एका मास्तरांकडे ती गाणं शिकली. बाबांना ते ठाऊक होतं, त्यांची ना नव्हती. पण एका समारंभात ताई मंचावर बसून गायली, पेटी-तबला घेऊन, चारचौघांत, आणि आमच्या भावकीतला एक गृहस्थ नेमका तिथं होता. गावात येऊन त्यानं जे तिखटमीठ लावलं, त्याची जीभ झडो, ते मी इथं सांगत नाही. ताईची एक चांगली सोयरीक त्यात मोडली. बाबांचा पारा असा चढला की ताई सुट्टीत घरी आली तेव्हा त्यांनी तिला दारातच विचारलं, "गानं पायजे का बाप पायजे?"

ताईही त्यांचीच लेक. ती म्हणाली, "मले दोनी पायजे."

"दोनी नाई भेटत," बाबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं.

लग्न मामांनीच जमवलं. नागपूरचे शाळामास्तर, भला माणूस. कन्यादान बाबांनीच केलं, हळदीला, वरातीला कुठं कमी पडू दिलं नाही, पण लेकीशी शब्द नाही. ती दिवाळीला यायची. समोरासमोर जेवायला बसायचे आणि बाबा मायला म्हणायचे, "तिले म्हना, पोटभर जेव." ताई मायला म्हणायची, "बाबाले म्हना, पाय दुखत असन त तेल लावून देतो." मधल्या मध्ये माय बिचारी निरोप्या. ताई परत निघाली की बाबा आधीच वावरात निघून जायचे, आणि एस्टी वळणाआड गेली की बांधावर उभे दिसायचे. जीव तुटत होता हो त्यांचा! आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण बोलायचं कोणी? घरात कुणाची छाती नव्हती.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी उन्हाळ्यात बाबांची बैलबंडी उलटली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड बसवणाऱ्यानं ते वाकडं बसवलं. तेव्हापासून बाबा बाजेवर. काठी आणि दोन माणसं असली तरच हलायचे. त्याच उन्हाळ्यात जिनाचं इंजिन बिघडलं. मिस्त्रीनं ते खोललं, त्याचा एक मोठा भाग दुरुस्तीला अकोल्याला पाठवला, आणि घरून आई आजारी असल्याचा निरोप आला म्हणून तो बऱ्हाणपूरला गेला. "पोले तक आता हूँ," असं ओरडून गेला. पोळा आला आणि गेला, मिस्त्री आला नाही. त्याची आई गेली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

आषाढात अमरावतीहून मामा आले. चिखल तुडवत, गुडघ्यापर्यंत काळे. पाय धुवायच्या आधी बाबांच्या बाजेजवळ बसले आणि म्हणाले, "भाऊजी, पोरगी रेडिओवर गाणार आहे. नागपूरहून. गणपतीतल्या महालक्ष्म्या उठल्या की त्याच्या पुढच्या आईतवारी, दुपारी, बायकांच्या कार्यक्रमात."

बाबा भिंतीकडे पाहत राहिले.

"तिनं तुम्हाला निरोप दिला आहे. म्हणाली, बाबांना सांगा, मी मोटेचं गाणं म्हणणार आहे. फक्त तेवढं ऐका म्हणावं, मग बोलू नका हवं तर जन्मभर."

मी दारात उभी होते. बाबांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता.  मान वळवून त्यांनी विचारलं, "माह्यं गानं? रेडिओवर?"

"तुमचंच."

"समदं म्हनन काय? लेकीच्या उंबऱ्यापर्यंत?"

मामा म्हणाले, "म्हणेल की." बाबांनी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. माय पदरानं डोळे पुसत चुलीकडे गेली, आणि मी मेली आनंदानं अंगणात नाचले.

मग बाबांना बरण्यांची आठवण झाली. इंजिनाचं पोट उघडं पडलेलं, मिस्त्री कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणजे नवी वीज भरायची सोय नाही. पारावरचा दिवा तर आधीच लालसर जळायला लागला होता. दिवसा पंचायतीत रेडिओ, संध्याकाळी भजनी मंडळ, दवाखाना, शाळा, सगळे मिळून होतं नव्हतं ते दोन आठवड्यांत चाटूनपुसून खाणार. बाबांनी पंचांना बाजेजवळ बोलावलं.

"पेवात रोज हात घालत राह्यलं त पेव पुरत नाई," ते म्हणाले. "बंद करा. पोरीचं गानं होयेपर्यंत कोनी बटनाले हात लावाचा नाई."

आता पेव म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. जमिनीत विहिरीसारखा खड्डा खणायचा, कडबा आणि भूस लावून त्यात जवारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आमच्या अंगणातच होतं. पेवाचा एकच नेम, बंद केलं की गरज पडेपर्यंत उघडायचं नाही. मधेच कुणी डोकावलं, वारं गेलं, ओल गेली की दाणा गेलाच. आमची माणसं दुष्काळात जगली ती या नेमावर. म्हणून बाबा जे बोलले ते साऱ्या पंचांना सोळा आणे पटलं. साठवलेली गोष्ट न वापरता ठेवली की टिकते. यात शंका घ्यायला जागाच नव्हती! दाण्याला जे लागू, ते विजेलाही लागू.

कुणी कुरकुर करू नये म्हणून बाबांनी आमच्या घरातली बत्ती दवाखान्याला दिली, दोन्ही कंदील शाळेला आणि भजनी मंडळाला दिले. आम्ही चुलीच्या उजेडात जेवायला लागलो. मायनं एकदा म्हटलं, "ताटातलं दिसत नाई हो," तर बाबा म्हणाले, "कानाले उजेड नाई लागत. आपल्याले आयकाचं हाय."

आणि मग ते स्वतः गेले खोली बंद करायला. बाज उचलून चौघांनी नेली. मी आणि मायनं चिखल तुडवला, त्यात शेण कालवलं, भूस घातलं. कडी लावली, कुलूप लावलं, आणि तेवढ्यावर बाबांचं समाधान नाही. "फटीतून ओल जाते," म्हणाले. दाराच्या चारही फटी लिंपायच्या. वरच्या अंगाला मायनं आणि मी लिंपलं, गुळगुळीत, भिंतीसारखं. खालचं बाबांनी. पाटावर बसवलं त्यांना, वाकडा पाय पुढे पसरलेला, आणि ते आपल्या हातानं चिखल दाबत होते. कपाळावर घामाचे थेंब. मी म्हटलं, "बाबा, द्या माह्याकडं." तर म्हणाले, "नाई वं. हे मीच करतो." लिंपता लिंपता ते ओठांतल्या ओठांत गुणगुणत होते. इतक्या वर्षांनी.

श्रावण गेला, पोळा झाला. बाबा रोज विचारायचे, दारावर पाऊस तर लागत नाही ना, माती तडकली तर नाही ना. तडकली असली की मी जाऊन बोटानं सारवून यायची. एकदा माय म्हणाली, "एक डाव लावून त पाहा रेडिओ. वाजते का नाई तं समजन."

"पेव कोनी उघडून पाह्यते काय?" बाबा खेकसले. 

महालक्ष्म्या उठल्या. तो आईतवार आला. सकाळपासून पावसाची झिमझिम होती, वाटांवर गुडघाभर चिखल. बार्शीटाकळीच्या एका दुकानात रेडिओ होता म्हणे, पण त्या चिखलातून बंडी जाणं शक्य नव्हतं, आणि बाबांना तसल्या अवस्थेत नेणार कोण? आणि न्यायचं तरी कशाला? आपल्या गावची वीज भरून ठेवलेली होती की.

बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं. लग्नातला फेटा बांधला. दाढी करून घेतली. बाजेवरून त्यांना पंचायतीच्या ओसरीवर आणलं आणि रेडिओसमोर खुर्चीत बसवलं. सगळं गाव लोटलं होतं. बाया एका अंगाला पदर सावरून, पुरुष दुसऱ्या अंगाला, पोट्टे खिडकीच्या गजांना लोंबकळलेले. कोतवाल जिनाकडे पळत गेला, माती फोडली, कुलूप काढलं, आतला खटका ओढला आणि तिथूनच हाळी दिली.

पंचायतीतला दिवा लागला.

लागला म्हणजे काय, त्याची तार लाल झाली. चुलीतल्या विझत्या कोळशासारखी. गावानं "हो हो हो" केलं. बाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि रेडिओचं बटन स्वतः फिरवलं. त्याच्या काचेवर पिवळसर उजेड आला. आत काहीतरी घुमल्यासारखं झालं. मग काचेवरचा उजेड गेला, वरची लाल तार काळी झाली, आणि काही नाही. बाबांनी बटन पुन्हा फिरवलं, इकडे, तिकडे. काही नाही.

पुरुष जिनाकडे धावले. परत आले ते मान खाली घालून. बरण्यांतलं पाणी उतरलं होतं, पाट्यांवर पांढरी साय धरली होती. कुणी खटका खाली-वर केला, कुणी तारा घासल्या. काही उपयोग झाला नाही.

मला वाटलं बाबा आता भडकणार, कुणाच्या तरी मुस्काटात देणार. देव करता आणि तसं झालं असतं! ते नुसते बसून राहिले, रेडिओच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून. लोक उठायला लागले तर म्हणाले, "बसा. तिची वेळ झाली." आणि लोक बसले. खोटं नाही सांगत, अख्खं गाव त्या मुक्या पेटीसमोर बसून राहिलं.

"आता गात असन," बाबा म्हणाले.

पागोळ्या गळत होत्या. कुणाचं तरी तान्हं रडलं, त्याच्या आईनं त्याला पदराखाली घेतलं.

"आता मोटेचं धरलं असन," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते आणि मला कळत होतं की आता ते केळीच्या बुडाशी आहेत, आता मायच्या गुंडापाशी, आता लेकीच्या उंबऱ्यावर. तिथं त्यांच्या गालावरून पाणी वाहिलं. मग त्यांनी पेटीवरचा हात काढला.

"झालं असन," ते म्हणाले, "चाला."

घरी आल्यावर त्यांनी मायला आणि मला जवळ बोलावलं, आणि माझा हात त्यांच्या गळ्यावर ठेवून शपथ घातली. ताईला हे कधीच सांगायचं नाही. "पोरीनं बापासाठी गायलं अन् बापानं आयकलंच नाई, हे तिच्या जिवाले लागन. गावालेही सांगजा. मी आयकलं. समद्यायनं आयकलं. समजलं?"

दसऱ्याला मिस्त्री आला, डोकं भादरलेलं. बॅटरीच्या खोलीत जाऊन पाहिलं आणि तिथून जो ओरडत आला तो थेट आमच्या अंगणात. "सरपंच साब, ये क्या कर डाला! ये पेव नहीं है, ये भैंस है भैंस! रोज दुहोगे, रोज खिलाओगे, तो दूध देगी. बाँध के छोड़ दोगे तो सूख जाएगी!" त्याचं म्हणणं असं की बॅटरी अर्धी रिकामी करून नुसती ठेवून दिली की आतल्या आत मरते. ती वापरायची, भरायची, पुन्हा वापरायची. वापरत राहिली तरच जगते.

बाबांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मले कोनी सांगतलं काहून नाई?"

कोण सांगणार होतं? सरपंचाला?

दिवाळीला ताई आली. बाबा अंगणात बाजेवर बसलेले होते. ती एस्टीतून उतरून फाटकात आली, तर बाबांनी मायकडे न पाहता, सरळ तिच्याकडे पाहून हाक मारली, "ये वं माय." ताईच्या हातातली पिशवी खाली पडली. ती येऊन त्यांच्या पायांशी बसली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुह्यं गानं आयकलं. मोटेचं. समदं आयकलं, उंबऱ्यापर्यंत. डोयाले पानी आलं."

मी ताईच्या तोंडाकडे पाहत होते. मला वाटलं होतं ती हसेल, रडेल, बाबांच्या गळ्यात पडेल. ती पांढरीफटक पडली. नुसतं "बरं" म्हणाली. एवढंच. पाडव्याला थांबलीसुद्धा नाही, मास्तरांना काम आहे म्हणाली आणि निघून गेली. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! एवढा डोंगरासारखा बाप वाकला, आणि हिचं आपलं "बरं".

त्यानंतर ती आलीच नाही. संक्रांतीला नाही, होळीला नाही. बाबा विचारायचे, "पोरगी काहून येत नाई? मी बोललो न तिच्याशी? का नाई बोललो?" माय म्हणायची, "बोलले हो." बाबा एस्टीच्या वेळेला बाज अंगणात ओढायला लावायचे. पुढच्या वर्षी वैशाखात त्यांना ताप आला आणि त्यातच ते गेले. ताई पोचली ती सरण पेटल्यावर.

तेराव्याच्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही तिघीच होतो. पाहुणे जेवून गेले होते. ताई भांडी विसळत होती आणि एकदम म्हणाली, "बाबानं मले शेवटपर्यंत माफ नाई केलं."

"काय बोलून राह्यली तू?" मी तिच्यावर तुटूनच पडले. "माफ नाई केलं? त्यायनं तुले ये माय म्हटलं, अन् तूच..."

"खोटं बोलले ते. त्यायनं रेडिओ लावलाच नाई." तिनं हातातला गडू आदळला. "मोटेचं गानं आयकलं म्हने! मी ते गायलंच नव्हतं. दोन गानी झाली अन् येळ संपला. तिथल्या बाई म्हणाल्या, तिसरं राहू द्या. मी रडत घरी गेली. मले वाटलं, बाबा वाट पाहत बसले असन अन् त्यायचं गानंच आलं नाई. माफी मागाले आली होती मी दिवाळीले. अन् ते म्हणते, समदं आयकलं! मंग मले समजलं, लावलाच नाई. अजून राग हाय. लोकायच्या देखत गोड बोलून राह्यले."

 मी मायकडे पाहिलं. शपथ त्यांच्या गळ्याची होती, आणि तो गळा तर जळून गेला होता.

माय म्हणाली, "सांग तिले."

मी सांगितलं. चुलीच्या उजेडातली जेवणं, पाटावर बसून लिंपणं, लाल होऊन विझलेली तार, पेटीवरचा हात, "आता मोटेचं धरलं असन". ताई ऐकत होती आणि हातातला ओला गडू पुन्हा पुन्हा पुसत होती. मग उठली आणि म्हणाली, "मले ते दार दाखव."

भर उन्हात आम्ही दोघी जिनाकडे गेलो. बॅटरीची खोली उघडीच होती. बरण्या शेठनं काढून नेल्या होत्या, फळ्यांवर तेजाबाचे डाग तेवढे होते. दाराच्या चौकटीला माती अजून चिकटून होती. वरची गुळगुळीत, मायची आणि माझी. खालची ओबडधोबड, तिच्यात चार चार बोटांचे ओढलेले पट्टे. ताईनं विचारलं नाही. ती सरळ खाली बसली, जिथं बाबांचा पाट होता तिथं, आणि आपली बोटं त्या पट्ट्यांत ठेवली.

"मले एक निरोप द्याचा होता वं," ती म्हणाली. "ये म्हणाचं होतं. मी त्यायच्या बाजेपाशी बसून म्हटलं असतं. समदं. रोज म्हटलं असतं. कशाले पायजे होती वीज?"

मग ती रडली, आणि मीही. ओरडून रडलो दोघी, त्या रिकाम्या खोलीत. त्यांच्यावर चिडायलाही ते राहिले नव्हते.

पुढे आमच्या गावात खांब आले, सरकारी तारा आल्या, विहिरीवर मोटार बसली आणि मोट गेली. ताई पुष्कळ गायली. नागपूरला गायली, अमरावतीला गायली, त्याच मंचावर. मोटेचं गाणं मात्र तिनं कधीच म्हटलं नाही. मी तिच्या मागे लागायची, "एक डाव म्हण, मले शिकव, निदान पोरायले शिकव." एकदा फारच हट्ट केला तर म्हणाली, "नाई. ते बाबासाठी राखून ठेवलं हाय."

तेव्हाच मी तिच्यावर ओरडायला हवं होतं. नाही ओरडले. तिचं तोंड पाहून जीभच उचलली नाही. ती गेली आणि केळीचं बूड, मायचा गुंड, लेकीचा उंबरा, सगळं तिच्याबरोबर गेलं. आता जगात कुणालाच ते येत नाही.

मला दोनच ओळी येतात. त्या मी रोज म्हणते, भांडी घासताना, माझ्या फुटक्या आवाजात, मोठ्यानं. नात म्हणते, आजी, हळू म्हण ना, शेजारी ऐकतात. ऐकू देत.